चूक काढायची नाही, असे ठरवलेली शिक्षिका: एका भावी भाषाशिक्षिकेच्या शैक्षणिक तत्त्वज्ञानाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका छात्राध्यापिकेचे आहे. तिचा विषय मराठी. वर्गातल्या मुलांची घरची भाषा वेगळी, म्हणजे मराठी ही त्यांची दुसरी भाषा. मुले तेरा-चौदा वर्षांची, पटावर २६. अध्यापक-प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. त्यामुळे यातली छात्राध्यापिका ही कोणी एक व्यक्ती नाही आणि वर्गातले आकडे नमुन्यादाखल आहेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रकाशित अभ्यासांतले आहेत.

प्रश्न असा होता: तिने स्वतःचे शैक्षणिक तत्त्वज्ञान मनापासून आणि चांगल्या भाषेत लिहिले होते, पण तीन आठवड्यांच्या सराव पाठांत त्यातले जवळजवळ काहीच उतरले नाही. जे उतरले त्याने मुलांची भाषा पुढे सरकली नाही. असे का झाले आणि त्यावर काय केले, ते पुढे दिले आहे.

निवेदनात काय होते

दीड पानांच्या निवेदनाचा गाभा चार विधानांत येतो. भाषा जगण्यातून येते, नियमांतून येत नाही. मूल बोलत असताना त्याची चूक कधीही काढू नये. वर्गात शिक्षकापेक्षा मुले जास्त बोलली पाहिजेत. प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकते.

यातले चौथे विधान कोणीच नाकारणार नाही, आणि नेमके म्हणूनच टाचण, म्हणजे तासाची आखणी, लिहिताना त्याचा काही उपयोग होत नाही. पहिल्या तीन विधानांत दम आहे, कारण त्यांच्या विरुद्ध बाजूलाही विचार करणारे शिक्षक उभे असतात. पण ती वाचूनही एक गोष्ट सांगता येत नाही: तासाच्या बाराव्या मिनिटाला एखादे मूल चुकीचे वाक्य बोलले, तर ही शिक्षिका नेमके काय करील? तत्त्वज्ञानाचे निवेदन वाचताना मार्गदर्शकाने हाच प्रश्न मनात धरावा. उत्तर मिळत नसेल तर निवेदन अजून कच्चे आहे असे समजावे, मग भाषा कितीही सुंदर असो.

सराव पाठात काय दिसले

तास ४० मिनिटांचा. घटक: काल काय केले ते सांगणे. टेबलावर फोन ठेवून आवाज ध्वनिमुद्रित केला आणि मधली दहा मिनिटे शब्दशः उतरवून काढली. पूर्ण तास उतरवण्याच्या भरीस पडू नये. त्यात कित्येक तास जातात, आणि बहुतेक गोष्टी दहा मिनिटांतच दिसतात. त्याच दहा मिनिटांवर, वर्गात कोण किती आणि कसे बोलते ते मोजणारी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत वापरली. तिच्यात दर तीन सेकंदांनी एक नोंद होते. दहा प्रकारांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. दहा मिनिटांच्या २०० नोंदी झाल्या. त्यांपैकी शिक्षिकेच्या १३८, विद्यार्थ्यांच्या ४१ आणि शांतता-गोंधळाच्या २१. विद्यार्थ्यांच्या ४१ पैकी स्वतःहून बोलण्याच्या नोंदी फक्त तीन.

मुले जास्त बोलली पाहिजेत हे विधान इथेच पडले. पण त्याहून महत्त्वाचा होता तो संवाद:

शिक्षिका: काल संध्याकाळी काय केलंस?
विद्यार्थी: मी… पत्र लिहिलो.
शिक्षिका: अरे वा, पत्र लिहिलंस! छान. कोणाला लिहिलंस?
विद्यार्थी: मित्राला.
शिक्षिका: मित्राला लिहिलंस, मस्त. आता तू सांग.

वरवर पाहता हे चांगले आहे. मूल दुखावले नाही, संवाद पुढे गेला, आणि शिक्षिकेने बरोबर रूप हळूच कानावर घातले. अशा दुरुस्त पुनरुच्चाराला भाषाशिक्षणात मोठी जागा आहे. तरी इथे तीन गोष्टी बिघडल्या आहेत. पहिली, ‘छान’ हा शेरा मजकुराला होता, पण मुलाने तो वाक्याला दिलेला समजला. दुसरी, मूल काही बोलायच्या आत शिक्षिकेने पुढचा प्रश्न विचारला, त्यामुळे सुधारलेले वाक्य म्हणण्याची त्याला संधीच मिळाली नाही. तिसरी सहसा नजरेतून सुटते. मुलाला हवे होते ते रूप ‘मी पत्र लिहिलं’. शिक्षिकेच्या तोंडून आले ते ‘लिहिलंस’. पहिल्या पुरुषाचे बरोबर वाक्य त्या दहा मिनिटांत कोणीही उच्चारले नाही. मुलाने ते ऐकायचे तरी कुठे?

लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांतले दुरुस्तीचे प्रसंग मोजले होते. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशाच पुनरुच्चाराच्या होत्या, पण मुलांनी त्यांची कोणत्याही प्रकारे दखल घेतली ती ३१ टक्के वेळा. उत्तर मुलाकडूनच काढून घेणाऱ्या इशाऱ्यांनंतर मात्र मुलांनी दर वेळी प्रतिसाद दिला. याचा अर्थ पुनरुच्चार टाकाऊ आहे असा नाही. मुलाचे लक्ष रूपाकडे असेल आणि पुनरुच्चार छोटा असेल, तर तो चालतो. गप्पांच्या ओघात कौतुकाबरोबर आला की मुलाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न विचारल्यावर शिक्षिका जेमतेम सेकंदभर थांबत होती. नंतर हात वर करणाऱ्या चार मुलांपैकी कोणाकडे तरी वळत होती. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हेच नोंदले होते: शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात, आणि ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते. दुसऱ्या भाषेत मुलाला आधी अर्थ जुळवायचा, मग शब्द शोधायचे, मग रूप बसवायचे असते. तिथे एक सेकंद म्हणजे काहीच नाही.

शेवटच्या आठ मिनिटांत मात्र वेगळेच घडले. घटक संपत नाही असे दिसताच तिने फळ्यावर पाच वाक्ये लिहिली, तीन वेळा एकसुरात म्हणवून घेतली आणि वहीत उतरवायला सांगितली. निवेदनात याचा मागमूसही नव्हता. आर्गिरिस आणि शॉन यांनी १९७४ मध्ये माणसाने सांगितलेला सिद्धान्त आणि त्याच्या वागण्यातून दिसणारा सिद्धान्त असा फरक मांडला. तो भावी शिक्षकांना फार लागू पडतो. निवांत असताना सांगितलेला सिद्धान्त चालतो, वेळ कमी पडली की दुसरा पुढे येतो. म्हणून निरीक्षकाने तासाचा शेवट कधीच सोडू नये. घाईत शिक्षक जे करतो, तेच त्याचे सर्वात खोल मुरलेले तत्त्वज्ञान असते.

तीन आठवड्यांच्या १५ तासांची टाचणे आणि वह्या मिळून ६०० मिनिटांचा हिशेब मांडला. गोष्टी ऐकणे आणि वाचणे ३३० मिनिटे, मुलांनी अर्थासाठी बोलणे किंवा लिहिणे ६०, फळ्यावरून उतरवणे आणि एकसुरात म्हणणे १३०, हजेरी-शिस्त-सूचना ८०. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन भाषेच्या अभ्यासक्रमात चार धारा मानतात: अर्थपूर्ण ऐकणे-वाचणे, अर्थपूर्ण बोलणे-लिहिणे, भाषेच्या रूपाकडे मुद्दाम लक्ष देणे, आणि आधीच येत असलेल्या भाषेत ओघ वाढवणे. या चौघींना साधारण सारखा वेळ मिळावा असे ते म्हणतात. इथे पहिली धारा दुथडी वाहत होती, दुसरी आटली होती, तिसरी नकलून घेण्यात बदलली होती आणि चौथी नव्हतीच. तीन आठवड्यांनंतर २६ पैकी १९ वह्यांत ‘मी पत्र लिहिलो’ या धाटणीची वाक्ये होती.

तत्त्वज्ञान आले कुठून

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक हिशेब मांडला. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना काम करताना पाहतो. शिक्षकाचे काम बघत शिकण्याची ही न मागता मिळालेली उमेदवारी. पण बाकावरून शिक्षकाची कृती दिसते, त्यामागचा विचार दिसत नाही. टाचण, निवड, टाळलेल्या गोष्टी, कोणत्या मुलासाठी काय बदलले, यातले काहीच बाकावर पोचत नाही. त्यामुळे अनुभव भरपूर असतो आणि समज अर्धवट.

या छात्राध्यापिकेने सांगितलेले अनुभव चार होते. सहावीत प्रकट वाचनाच्या वेळी दर शब्दाला टोकले गेले, वर्ग हसला, आणि पुढे वर्षभर तिने वाचायचे टाळले. आठवी-नववीत गोष्टी सांगणाऱ्या, लाल पेन न वापरणाऱ्या बाई मिळाल्या आणि ती भाषेत रमली. महाविद्यालयात असताना तिने घरातल्या एका लहान भावंडाला परीक्षेसाठी शिकवले, उत्तरे पाठ करून घेतली, त्याला चांगले गुण मिळाले. आणि मोठेपणी व्हिडिओ पाहून एक तिसरी भाषा स्वतःच शिकली.

पहिल्या दोन अनुभवांवर तिचे निवेदन उभे होते. तिसरा त्यात कुठेच नव्हता, पण तासाची शेवटची आठ मिनिटे त्याचीच होती. पाठांतराने एकदा यश दिलेले, म्हणून अडचणीत हात तिकडेच गेला.

अशा वेळी अनुभवांचे वर्णन पुन्हा लिहून घेण्याने काही होत नाही. वर्णन जितके हृद्य, तितकी त्याची तपासणी अवघड. त्याऐवजी पाच रकान्यांचा तक्ता दिला. प्रसंग, त्या वेळी बोलत कोण होते आणि मी काय करत होते, त्यानंतर मला भाषेत असे काय करता येऊ लागले जे आधी येत नव्हते, तेव्हा शाळेबाहेर आणखी काय चालू होते, आणि वर्गातल्या इतरांचे काय झाले. शेवटचे दोन रकाने सगळ्यात जड जातात. त्यांसाठी आठवडाभर दिला आणि किमान दोन जुन्या वर्गमित्रांना विचारून यायला सांगितले.

सहावीच्या प्रसंगाबद्दल फारसे नवे निघाले नाही. तो वाईट होता आणि त्यातून तिने काढलेला अर्धा निष्कर्ष बरोबरच होता: सर्वांसमोर, तयारीशिवाय, दर शब्दाला टोकणे मुलाला गप्प करते. होरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये भाषावर्गातली भीती मोजणारी ३३ विधानांची मापनश्रेणी तयार केली, तिच्यात इतरांच्या हसण्याची आणि टोकले जाण्याची भीती आहेच.

आश्चर्य होते ते आवडत्या बाईंच्या वर्षांत. चौथ्या रकान्यात लिहिताना तिच्या लक्षात आले की त्या दोन वर्षांत ती घरी रोज वाचत होती आणि घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. वाचताना अडखळली की तिथे कोणीतरी थांबवून दुरुस्त करत होते, फक्त हसत नव्हते. पाचव्या रकान्यासाठी विचारलेल्या वर्गमैत्रिणीने सांगितले, “गोष्टी ऐकायला मजा यायची, पण लिहायला बसलं की काहीच यायचं नाही. तुला येतच होतं, म्हणून तुला बाई आवडल्या.” शिवाय ती भाषा तिच्या घरची होती. तिच्या आजच्या वर्गाची नाही.

आमच्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. वाईट अनुभवाची चिकित्सा प्रत्येक प्रशिक्षणात होते. चांगल्या अनुभवाची कोणी करत नाही. प्रेमळ शिक्षकाचे सगळे श्रेय त्याच्या पद्धतीला दिले जाते, आणि मग ती पद्धत वेगळ्या मुलांवर, वेगळ्या परिस्थितीत जशीच्या तशी वापरली जाते. प्रिय अनुभव तपासला म्हणजे त्या शिक्षकाचा अनादर होत नाही, हे मात्र छात्राध्यापकाला स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर रकाने रिकामे येतात.

‘ऐकत राहिले की येते’ या श्रद्धेवर एक जुना आणि भक्कम पुरावाही तिच्यासमोर ठेवला. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांत इंग्रजी घरांतली मुले वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकत होती. त्यांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण त्या मानाने मागे राहिले. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून मांडले की भाषा समजून घेण्याबरोबरच ती नेटाने वापरावी लागते. वापरताना आपल्याला काय येत नाही ते कळते.

या टप्प्यावर मार्गदर्शकाकडून दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे अपमानाचे प्रसंग गटात वाचून दाखवायला लावणे. हे प्रसंग खासगी असतात. कोणता सांगायचा, कोणाला सांगायचा हे छात्राध्यापकच ठरवील, आणि गुण उघडपणावर नव्हे तर विश्लेषणावर दिले जातील, हे आधीच लिहून द्यावे. दुसरी म्हणजे ‘तुझं तत्त्वज्ञान चुकीचं आहे’ असा निकाल देणे. त्याने माणूस बचावात जातो. ध्वनिमुद्रणाचा उतारा समोर ठेवून “या ठिकाणी तुला काय हवं होतं? झालं काय? मुलाला त्यातून काय ऐकू आलं?” एवढे विचारले तरी पुरते.

विधानाचे कृतीत रूपांतर

मग प्रत्येक विधान तीन प्रश्नांतून काढले. हे वर्गात दिसेल कसे? कोणत्या परिस्थितीत मी ते बाजूला ठेवीन? ते चुकते आहे हे मला कशावरून कळेल?

‘चूक कधीही काढू नये’ या विधानाचे सर्वात जास्त रूपांतर झाले. तासाचे दोन भाग ठरले. ओघाच्या कामात, म्हणजे मुले एकमेकांना काही सांगत असताना, दुरुस्ती नाही. शिक्षिका फिरत फिरत वाक्ये टिपून घेईल. रूपाच्या कामात दुरुस्ती होईल, पण त्या दिवशी ठरवलेल्या एकाच गोष्टीची. बाकीच्या चुका सोडायच्या. अपवाद एकच: चुकीमुळे अर्थच कळत नसेल तर लगेच विचारायचे. आणि नियम बाजूला कधी ठेवायचा? मूल पहिल्यांदाच वर्गासमोर बोलत असेल तेव्हा.

पण दुरुस्ती करायची तर चूक का होते ते कळले पाहिजे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: विद्यार्थ्याच्या चुका त्याने मनात रचलेली व्यवस्था दाखवतात. ‘मी पत्र लिहिलो’ हा निष्काळजीपणा नाही. मुलांनी आधी ‘मी लिहितो’ शिकले, मग ‘मी गेलो’, ‘मी आलो’. या सगळ्यांत क्रियापद कर्त्याबरोबर चालते. त्यावरून त्यांनी ‘लिहिलो’ तयार केले, आणि तर्क म्हणून ते अगदी बरोबर आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माबरोबर चालते हे त्यांना माहीत नाही. त्यातून ‘मी’ हे रूप बदलत नाही. ‘त्याने’, ‘तिने’ मध्ये निदान ‘ने’ दिसतो, काहीतरी वेगळे आहे अशी सूचना मिळते. ‘मी’ मध्ये ती मिळत नाही.

म्हणून क्रम उलटा केला. आधी तृतीय पुरुष. कर्ता बदलायचा, कर्म तेच ठेवायचे: त्याने पत्र लिहिलं, तिने पत्र लिहिलं, त्यांनी पत्र लिहिलं. क्रियापद हलत नाही हे मुलांनीच सांगायचे. मग कर्ता तोच, कर्म बदलायचे: त्याने निबंध लिहिला, त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने पत्र लिहिलं. क्रियापद कोणामागे चालले ते पुन्हा मुलांनी सांगायचे. त्यानंतर ‘मी’ आणायचा. ‘तिने मुलाला बोलावलं’ सारखी, कर्माला ‘ला’ लागलेली वाक्ये या आठवड्यात नाहीत. ‘शिकणे’, ‘विसरणे’, ‘बोलणे’ ही क्रियापदेही नाहीत, कारण ‘मी मराठी शिकलो’, ‘मी नाव विसरलो’ यांत क्रियापद कर्त्याबरोबरच जाते, आणि नुकताच बसू लागलेला नियम मोडून पडतो.

‘भाषा नियमांतून येत नाही’ हे तिचे विधान इथे गळून पडले नाही, पण त्याला मुरड पडली. नियम तिने सांगितला नाही. तो मुलांना सापडेल अशी उदाहरणे रचली. ही रचना गोष्ट सांगण्याइतकीच कौशल्याची आहे, आणि तिच्या आवडीची निघाली.

काय फसले

बदल एका वेळी एकच करायचा असे ठरले होते. पहिला होता थांबण्याचा. प्रश्नानंतर तीन सेकंद शांतता. पहिल्या दोन तासांत तो फसला. शांतता सहन न होऊन तिने प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला, आणि मुलांचे चालू असलेले विचार तुटले. मुलांनाही आपल्याला पकडले जात आहे असे वाटले, कारण ही शांतता कशासाठी आहे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. उपाय साधा होता: “दहा सेकंद मनात वाक्य तयार करा, मग शेजाऱ्याला सांगा, मग मी विचारीन.” शेजाऱ्याला सांगून झालेले वाक्य वर्गासमोर सांगायला धीर लागत नाही, आणि ठरावीक चार हातांची मक्तेदारीही त्यातून सैल झाली.

दुसरा बदल इशाऱ्यांचा. “मी पत्र…?” असे म्हणून थांबायचे आणि मुलाला पूर्ण करू द्यायचे. हे बहुतेकांसोबत चालले. एका अबोल मुलीसोबत तिने लागोपाठ तीन इशारे दिले. मुलगी गप्प झाली आणि वर्ग तिच्याकडे पाहू लागला. सहावीतला प्रसंग जवळजवळ पुन्हा घडला, या वेळी शिक्षिकेच्या बाजूने. त्यातून नियम निघाला: इशारा एकच. नाही जमले तर उत्तर स्वतः द्यायचे, पहिल्या पुरुषात द्यायचे, आणि लगेच त्याच साच्यातले दुसरे वाक्य तिला करायला द्यायचे, म्हणजे शेवट तिच्या बरोबर वाक्याने होतो. इशारा फक्त तिथेच चालतो जिथे मुलाला अर्धे येत असते. एका तासाला बोलता बोलता ‘विसरणे’ आले आणि तिने इशारा दिला. ‘मी वही विसरली’ असे मुलगा म्हणाला. नुकत्याच शिकलेल्या नियमाप्रमाणे त्याने बरोबर केले होते आणि तरी वाक्य चुकले. अशा ठिकाणी इशारा देणे म्हणजे मुलाला खड्ड्यात ढकलणे. तिथे सरळ सांगावे.

तिसरा बदल ओघाचा. एकच गोष्ट तीन वेगळ्या जोडीदारांना, चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायची, ही नेशन यांनी पुढे आणलेली कृती. या वर्गाला चार मिनिटे पुरवण्याइतकी भाषाच नव्हती. दीड मिनिटानंतर मुले घरच्या भाषेत गेली. वेळ दोन, दीड आणि एक मिनिट असा केला, आणि सुरुवातीला पाच शब्दांची चिठ्ठी बनवायला तीन मिनिटे दिली. चिठ्ठीवर पूर्ण वाक्य लिहायचे नाही, नाहीतर ती वाचली जाते. घरच्या भाषेवर बंदी घातली नाही. तयारीच्या तीन मिनिटांत ती चालेल, सांगताना नाही, असे ठरले. मुलांना ही वाटणी पटकन समजली.

सहा आठवड्यांनंतर

लेखनानंतर पाच मिनिटे देऊन “क्रियापदाखाली रेघ मारा, ते कोणामागे चालले आहे त्या शब्दाकडे बाण काढा” असे सांगितले जाई. या स्वतपासणीनंतर भूतकाळाच्या क्रियापदात चूक असलेल्या वह्या १९ वरून ८ वर आल्या. बोलण्यात मात्र चित्र मिश्रच राहिले. तीच मुले एका वाक्यात ‘लिहिलं’ आणि पुढच्यात ‘वाचलो’ म्हणत होती. हे अपेक्षितच आहे. विचार करायला वेळ असताना नियम लावणे आणि ओघात तो आपोआप लागणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर सरावाच्या अनेक फेऱ्यांनी कापले जाते. सहा आठवड्यांत बोलणे सुधारेल असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नव्या निवेदनात विधाने कमी झाली आणि त्यांना अटी जोडल्या गेल्या. त्यातला एक भाग असा: “मी चूक काढीन, पण एका दिवशी एकाच प्रकारची, आणि मूल बरोबर वाक्य बोलूनच खाली बसेल अशी. मुले एकमेकांना काही सांगत असतील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही. वेळ कमी पडला तर फळ्यावरची वाक्ये उतरवून देण्याऐवजी काम अर्धे सोडीन आणि उद्या तिथून सुरू करीन.” शेवटच्या वाक्याला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो, कारण तिचा दुसरा, न सांगितलेला सिद्धान्त त्यात तिने स्वतः ओळखला आहे.

एका मुद्द्यावर ती हलली नाही: न वाचलेला उतारा मुलांना उभे करून मोठ्याने वाचायला ती लावणार नाही. मार्गदर्शकाने आग्रह धरू नये, कारण इथे अनुभव आणि पुरावा एकाच बाजूला आहेत. आधी मुकाट वाचन, मग जोडीत, मग ज्याला हवे त्याने वर्गासमोर, हा तिचा क्रम प्रकट वाचनाचे सगळे फायदे देतो.

पुढच्या घटकासाठी तिने काढलेली नोंद या सहा आठवड्यांतली सर्वात चांगली होती. उरलेल्या आठ वह्या तपासताना तिला ‘त्याने गोष्ट सांगितला’ सारखी वाक्ये दिसली आणि शंका आली की ही चूक क्रियापदाची नसावीच. तिने बारा नामे देऊन ‘हा, ही की हे’ विचारले, आणि त्याच नामांची बारा भूतकाळी वाक्ये पूर्ण करायला दिली. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली. ज्या मुलाला ‘ही गोष्ट’ माहीत आहे आणि तरी तो ‘सांगितला’ लिहितो, त्याला नियमाचा सराव हवा. जो ‘हा गोष्ट’ म्हणतो आणि ‘सांगितला’ लिहितो, त्याला नियम पूर्ण आला आहे, अडचण लिंगाची आहे. आठांपैकी पाच मुले दुसऱ्या प्रकारात निघाली. त्यांच्याकडून भूतकाळाचा आणखी सराव करून घेण्यात वेळच गेला असता. त्यांच्यासाठी पुढच्या दोन आठवड्यांचे टाचण वेगळे आहे: प्रत्येक नवे नाम ‘हा, ही, हे’ यांपैकी एकासकट शिकायचे, वहीत तीन रंगांनी लिहायचे, आणि दर चौथ्या दिवशी तीच नामे न बघता विशेषणासह वापरायची.